उसना उजेड : प्रवाळटाकीतील दिव्यांचा इतिहास

समुद्राचे खारे पाणी काचेच्या टाकीत भरून त्यात जिवंत प्रवाळ जोपासण्याची विद्या जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे, आणि या सबंध काळात तिच्यापुढचा सर्वांत चिवट प्रश्न उजेडाचा राहिला आहे. पाण्याचा खारेपणा मोजण्याची साधने सुरुवातीपासून उपलब्ध होती, पाणी खेळते ठेवण्याच्या युक्त्याही लवकरच सापडल्या. परंतु उजेड किती, कोणत्या रंगाचा आणि किती वेळ हवा हे ठरवण्यासाठी प्रवाळाच्या शरीरात नेमके काय घडते हे कळणे आवश्यक होते, आणि ते कळायला विसावे शतक अर्धे उलटून जावे लागले. कळल्यानंतरही हवा तसा दिवा हाती नव्हता. ट्यूबलाइट कचेऱ्या व कारखान्यांसाठी, पाऱ्याच्या वाफेचे दिवे रस्त्यांसाठी आणि मेटल हॅलाइडचे दिवे क्रीडांगणांसाठी घडवले गेले, आणि प्रवाळ पाळणाऱ्यांनी ते एकामागून एक उसने घेतले. प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजेच सर्वांच्या बोलण्यातील एलईडी, हाही मुळात असाच उसना दिवा होता. मात्र त्याच्या प्रकाशाचा रंग, तीव्रता आणि वेळ ही तिन्ही अंगे वेगवेगळी ठरवता येत असल्यामुळे उजेड कसा असावा याचा निर्णय दिवा बनवणाऱ्याच्या हातून निसटून प्रथमच प्राणी पाळणाऱ्याच्या हाती आला. हा पालट कसा घडला आणि त्यासोबत कोणती जबाबदारी आली, याचा मागोवा येथे घ्यायचा आहे.

या इतिहासाचा आरंभ अशा प्रवाळापासून होतो ज्याला उजेडाची गरजच नव्हती. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून, त्या काळी मॅड्रेपोर या नावाने ओळखले जाणारे कठीण कवचाचे छोटे प्रवाळ लंडनमधील आपल्या घरी आणले. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहण्याचे कष्टाचे काम त्यांच्या घरी रोज चाले, आणि या साध्या उपायावर ते प्रवाळ टिकले, त्यांची संख्याही वाढली. थिनबाईंच्या यशामागे एक अनुकूल योगायोग होता. थंड पाण्यातील ती जात पूर्णतः मांसाहारी असून तिच्या ऊतींमध्ये शैवाल राहत नाही, त्यामुळे लंडनच्या धुरकट आभाळाचा तिला काहीच त्रास झाला नाही. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जातींवर हाच प्रयोग झाला असता, तर त्या पांढऱ्या पडून अखेर मेल्या असत्या.

त्यानंतरच्या दोन दशकांत मत्स्यालयाचे वेड इंग्लंडभर पसरले. रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती यांचा एका भांड्यातील समतोल रसायनशास्त्राच्या आधाराने मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाने हा छंद घरोघरी नेला. लंडनचे ते मत्स्यगृह काच आणि लोखंड यांचे असल्यामुळे त्यात ऊन मुबलक येई. परिणामी पाणी तापे आणि टाक्यांच्या काचा हिरव्या शेवाळाने भरून जात. विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड यांनी हॅम्बर्ग आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस येथे मत्स्यालये उभारताना पाण्याचा मोठा साठा जमिनीखाली अंधारात ठेवला, जेणेकरून शेवाळ वाढू नये आणि पाणी थंड राहावे. त्या पिढीच्या दृष्टीने उजेड हा आवरायचा पदार्थ होता, आणि मासे व समुद्रफुले पाळण्यापुरते ते धोरण योग्यच होते.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण उष्ण समुद्रातील बहुसंख्य भित्तीबांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते, आणि या जोडीमुळेच त्यांना उजेड लागतो. कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये अशा पिवळसर-तपकिरी पेशींना झूझँथेला हे नाव दिले. या पेशी यजमान प्राण्याला नेमके काय देतात, याविषयी मात्र पुढे बराच काळ एकमत नव्हते. मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेने प्रवाळ काही महिने उजेडबंद पेट्यांत ठेवून पाहिले. शैवाल नाहीसे झाले तरी प्रवाळ जिवंत राहिले, आणि त्यावरून शैवालाचे मुख्य काम यजमानाचा मळ उचलणे हे असावे, असा निष्कर्ष यंग यांनी काढला. तो अपुरा होता, कारण प्रवाळ जिवंत राहणे आणि प्रवाळाने सांगाडा वाढवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जपानी संशोधक सिरो कावागुती यांनी पलाऊ बेटांवरील संशोधन केंद्रात उजेड आणि प्रवाळांची वाढ यांचा संबंध तपासला, आणि थॉमस गोरो यांनी जमैकामध्ये किरणोत्सारी कॅल्शियम वापरून १९५९ मध्ये दाखवून दिले की उजेडात प्रवाळ अंधारापेक्षा कित्येक पटींनी वेगाने चुन्याचा सांगाडा रचतो. दहा वर्षांनी लेनर्ड मस्कटीन यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढून, शैवालाने प्रकाशसंश्लेषणातून बनवलेले अन्न प्रवाळाच्या ऊतींत पोहोचते हे सिद्ध केले. उजेड हा प्रवाळाच्या अन्नाचा आणि बांधकामाचा पाया आहे, हे आता निश्चित झाले होते.

हा उजेड कसा असतो हेही समजून घ्यायला हवे, कारण पुढे दिव्यांची सगळी निवड त्यावरच बेतली गेली. प्रकाशाच्या लाटांची लांबी, म्हणजे तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील लाटा जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या रंगांच्या रूपात दिसतात. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, तर ४५० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश स्वच्छ पाण्यात सर्वांत खोल जातो. प्रवाळांमधील शैवालाकडे हरितद्रव्याचे अ आणि क हे दोन प्रकार तसेच पेरिडिनिन हे रंगद्रव्य असते, आणि या तिघांची मिळून प्रकाश शोषण्याची क्षमता निळ्या व निळसर-हिरव्या पट्ट्यात सर्वाधिक आहे. ज्या उजेडात ते वाढत आले, त्याच्याशी ते जुळलेले आहेत. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर प्रत्येक चौरस मीटरवर दर सेकंदाला प्रकाशसंश्लेषणास उपयोगी असे सुमारे २००० मायक्रोमोल प्रकाशकण पडतात. या मापाला पीएआर म्हणतात, आणि घरातील साध्या ट्यूबलाइटखाली ते या आकड्याच्या अगदी लहानशा अंशाइतके भरते.

म्हणूनच उष्णदेशीय प्रवाळ घरगुती टाकीत टिकवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग दिव्यांच्या देशात न होता सूर्याच्या देशात झाला. जाकार्तातील ली चिन एंग यांनी समुद्रातून जिवाणू व बारीक जीवांनी भरलेले खडक आणले, पाणी हलते ठेवण्यासाठी हवेचे बारीक बुडबुडे सोडले आणि टाक्यांना इंडोनेशियाचे ऊन दिले. त्यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात ही नैसर्गिक पद्धत मांडली, तेव्हा युरोप-अमेरिकेतील अनेकांनी ती उचलली. पण त्यांच्याकडे खडक होते, हवेचे पंप होते, ते ऊन मात्र नव्हते. समशीतोष्ण देशांतील हिवाळी आभाळाखाली खिडकीतून येणारा उजेड अपुरा पडे, आणि दिवाणखान्यातील ट्यूबलाइट ती तूट भरून काढू शकत नव्हती.

ट्यूबलाइट, म्हणजे प्रतिदीप्त नळीदिवा, १९३८ पासून बाजारात होता. काचेच्या नळीतील पाऱ्याची वाफ विजेमुळे अतिनील किरण सोडते आणि नळीच्या आतील बाजूस लावलेली भुकटी, जिला फॉस्फर म्हणतात, ते किरण शोषून दृश्य प्रकाश देते. भुकटी बदलली की उजेडाचा रंग बदलतो. या गुणामुळे ट्यूबलाइट हा उजेडाचा रंग निवडू देणारा पहिला दिवा ठरला. फिलिप्स कंपनी आराखड्यांच्या नकला काढणाऱ्या यंत्रांसाठी ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर असलेली गडद निळी-जांभळी नळी बनवत असे. तिच्या उजेडाचा रंग खोल समुद्राची आठवण देणारा आहे आणि शैवालालाही तो मानवतो, हे मत्स्यपालकांच्या ध्यानात आले, आणि ‘अ‍ॅक्टिनिक’ या नावाने ती नळी प्रवाळटाक्यांवर पांढऱ्या नळीच्या शेजारी बसली. पांढऱ्याला निळ्याची जोड देण्याची ही रीत आजच्या एलईडी दिव्यांतही कायम आहे. नळ्यांचा कमकुवतपणा तीव्रतेचा होता. विस्तृत पृष्ठभागावरून पसरट उजेड येत असल्यामुळे मऊ प्रवाळ आणि मांसल, मोठ्या पॉलिपांच्या जाती त्याखाली वाढत. परंतु उथळ, खळाळत्या पाण्यातील फांद्यांचे एक्रोपोरासारखे प्रवाळ त्याखाली फिके पडून झिजत जात.

ती उणीव मेटल हॅलाइडने भरून काढली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील गिल्बर्ट रायलिंग यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात व्यवहारात आलेल्या या दिव्यात क्वार्ट्झच्या छोट्या नळीत पाऱ्यासोबत काही धातूंचे क्षार भरलेले असतात आणि विजेच्या प्रखर ज्योतीत प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. क्रीडांगणे आणि कारखाने उजळण्यासाठी बनलेला हा दिवा जर्मनीतील मत्स्यपालकांनी टाकीवर आणला. पीटर विल्केन्स यांनी १९७३ मध्ये समुद्री टाकीतील अपृष्ठवंशी प्राण्यांवर ग्रंथ लिहून या विद्येला शास्त्रीय बैठक दिली होती. डीट्रिख श्ट्यूबर यांच्यासारख्या बर्लिनच्या मत्स्यपालकांनी जिवंत खडक, फेस काढून पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि मेटल हॅलाइडचा प्रखर उजेड यांची सांगड घातली, आणि हीच पुढे बर्लिन पद्धत म्हणून ओळखली गेली. श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या एक्रोपोराचे तुकडे हातोहाती दूरवर पोहोचले, आणि टाकीत वाढवलेल्या प्रवाळांपासून नवे प्रवाळ करण्याची परंपरा सुरू झाली. अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने युरोपीय पद्धतीची ओळख करून दिली, आणि १९९४ मध्ये चार्ल्स डेल्बीक व ज्युलियन स्प्रुंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाने ती सर्वमान्य केली.

मेटल हॅलाइडच्या काळाने दोन धडे दिले. पहिला मोजमापाचा होता. दिव्यांच्या खोक्यांवर रंगाचे तापमान केल्व्हिनमध्ये छापलेले असे. एखादा आदर्श काळा पदार्थ त्या तापमानापर्यंत तापवला तर तो ज्या रंगाचा दिसेल, तो त्या दिव्याचा रंग, असा त्याचा अर्थ. जपानच्या इवासाकीचा ६५०० केल्व्हिनचा दिवा दिवसाच्या उन्हासारखा दिसे आणि प्रवाळ त्याखाली झपाट्याने वाढत, तर जर्मनीच्या राडियमचा २०,००० केल्व्हिनचा दिवा निळाशार दिसे आणि प्रवाळांचे रंग त्याखाली खुलत. पण एकाच केल्व्हिनचे दोन दिवे प्रत्यक्षात अगदी निराळे वर्णपट देऊ शकत. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारे संजय जोशी यांनी १९९० च्या दशकापासून असंख्य दिवे, चोक आणि परावर्तक पत्रे यांची वर्णपटमापकाने तपासणी करून आकडे प्रसिद्ध केले. तोवर दुकानदाराच्या शिफारशीवर चालणाऱ्या या क्षेत्रात तुलनेची शिस्त येण्यास या कामाचा मोठा हातभार लागला. दुसरा धडा खर्चाचा होता. चारशे वॅटचे दोन-तीन दिवे टाकीवर लागले की पाणी तापे, ते थंड करण्यासाठी निराळे शीतयंत्र लागे, आणि वर्षभरात दिव्याचा वर्णपट उतरत असल्यामुळे तो बदलावा लागे. दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या दिव्यांवर अतिनील किरण अडवणारी काच नसेल तर प्रवाळ भाजत. १९९० च्या दशकात आलेल्या सोळा मिलिमीटर व्यासाच्या टी-५ नळ्यांनी स्वतंत्र परावर्तकांच्या मदतीने ही उष्णता बरीच कमी केली, तरी दर वर्षी नळ्या बदलण्याचा खर्च टळला नाही.

एलईडीचा उगम या जगापासून फार दूर होता. विशिष्ट अर्धवाहक पदार्थांच्या दोन थरांतून वीज गेली की त्यांच्या सांध्यावर प्रकाश निर्माण होतो आणि त्याचा रंग त्या पदार्थावर ठरतो. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तांबडा एलईडी दाखवला, हिरवे-पिवळेही पाठोपाठ आले. निळ्यासाठी मात्र तीस वर्षे थांबावे लागले, कारण त्यासाठी लागणारा गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक वाढवणे अत्यंत कठीण होते. इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी नागोया विद्यापीठात १९८० च्या दशकात तो वाढवला, आणि निचिया या कंपनीतील शुजी नाकामुरा यांच्या कामातून १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी प्रत्यक्षात आला. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो, आणि आजचा घरगुती पांढरा एलईडी बहुधा याच रीतीने बनतो. घरे आणि पडदे उजळण्यासाठी झालेल्या या शोधातून प्रवाळपालकांना जे हाती लागले, ते आधीच्या कोणत्याही उसन्या दिव्यापेक्षा त्यांच्या गरजेच्या जवळ होते: सुमारे ४५० नॅनोमीटरचा गडद निळा प्रकाश, म्हणजे शैवालाच्या हरितद्रव्याला सर्वाधिक मानवणाऱ्या पट्ट्यातील प्रकाश, एलईडी कमी विजेत आणि पाण्यात फारशी उष्णता न सोडता देत होता.

या साधनाचा पहिला ठळक व्यापारी अवतार २००६ च्या सुमारास अमेरिकेतील पीएफओ लायटिंग या कंपनीच्या सोलारिस दिव्याच्या रूपाने आला. त्यात निळ्या व पांढऱ्या एलईडींच्या रांगा होत्या आणि पहाट, दुपार, संध्याकाळ असा उजेड चढवत-उतरवत नेण्याची सोय होती. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज या कंपनीला समुद्री टाक्यांवरील एलईडी प्रकाशयोजनेचे पेटंट मिळाले. अवकाशातील वनस्पतींसाठी एलईडी दिवे बनवणाऱ्या या कंपनीने नंतर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील भाजी पिकवण्याचा ‘व्हेजी’ हा कक्षही बनवला; पृथ्वीवरील ऊन नसलेल्या ठिकाणी हरितद्रव्याला पोसण्याची गरज दोन्हीकडे सारखीच होती. या पेटंटावरून ऑर्बिटल आणि पीएफओ यांच्यात उद्भवलेला वाद न्यायालयात गेला आणि सोलारिस बाजारातून नाहीसा झाला. काही वर्षे नवे तयार दिवे आणण्याचे धाडस करताना उत्पादक कचरत होते, आणि ती पोकळी हातांनी दिवा बनवणाऱ्या प्रवाळपालकांनी भरून काढली.

हा स्वनिर्मितीचा काळ एलईडीच्या इतिहासातील सर्वांत शिकवणारा भाग आहे, कारण दिव्याचे प्रत्येक अंग तेव्हा वेगळे विकत घेऊन समजून जोडावे लागे. क्री या अमेरिकी कंपनीचे एलईडी ताऱ्याच्या आकाराच्या छोट्या अ‍ॅल्युमिनियम चकत्यांवर बसवलेले मिळत. त्या चकत्या उष्णतावाहक लेप लावून कंगोऱ्यांच्या जाड अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर, म्हणजे हीट सिंकवर, बसवल्या जात आणि तारांना डाख देऊन त्यांची माळ केली जाई. एलईडी पाण्यात फारशी उष्णता सोडत नसला तरी त्याच्या सांध्यावर ती साठते, आणि ती मागच्या बाजूने काढून घेतली नाही तर त्याचे आयुष्य घटते. एलईडी तापला की त्याला लागणारा व्होल्टेज कमी होतो. साध्या वीजपुरवठ्यावर जोडल्यास त्यामुळे प्रवाह वाढत जाऊन तो आणखी तापतो व अखेर जळतो. म्हणून प्रवाह ठरलेल्या मर्यादेत ठेवणारा ड्रायव्हर लागतो. एका एलईडीला साधारण ३ ते ३.५ व्होल्ट लागत असल्याने बारा एलईडींच्या माळेला ४० व्होल्टच्या आसपास विजेचा दाब हवा, असा हिशोब करून तैवानच्या मीन वेल कंपनीचे ड्रायव्हर निवडले जात. निळ्या आणि पांढऱ्या माळांना वेगळे ड्रायव्हर जोडले की दोन्ही रंगांची तीव्रता स्वतंत्रपणे कमीजास्त करता येई, आणि आर्डुइनोसारखे छोटे नियंत्रक वापरून दिवसभराचे वेळापत्रकही बसवता येई. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील इकोटेक मरीन कंपनीने रेडिऑन हा अनेक रंगांचा संगणकनियंत्रित दिवा आणला, आणि नंतर आलेल्या स्वस्त चिनी दिव्यांनी ही सोय सामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचवली.

नियंत्रण हाती आले, तशा नव्या प्रकारच्या चुका सुरू झाल्या. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असून गडद निळा प्रकाश त्याला मंद भासतो; लक्स आणि ल्युमेन ही मापे डोळ्याच्या याच संवेदनशीलतेवर बेतलेली आहेत. निळ्या एलईडींची टाकी पाहणाऱ्याला अंधुक वाटे, म्हणून तो तीव्रता वाढवत नेई, आणि शैवालाला मिळणारा प्रकाश त्याच्या पचवण्याच्या क्षमतेपलीकडे जाऊन प्रवाळ पांढरे पडत. प्रकाशाच्या अतिरेकाने शैवालात घातक ऑक्सिजनसंयुगे तयार होतात आणि प्रवाळ आपल्या सोबत्याला बाहेर टाकतो. समुद्रातील उष्णतेच्या लाटांत दिसणाऱ्या विरंजनाशी हे विरंजन थेट नाते सांगणारे आहे. त्यावर उपाय म्हणून नवा दिवा आधी तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर नेण्याची पद्धत रूढ झाली. पीएआर मोजणारी यंत्रे पूर्वी संशोधकांपुरती मर्यादित होती, ती आता मत्स्यपालकांच्या हाती आली. पण ऊन आणि जुने दिवे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली काही मापके निळ्या एलईडीचा प्रकाश प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवत, आणि त्यांच्या आकड्यांना दुरुस्ती लावावी लागे. दुसरी अडचण सावल्यांची होती. एलईडी हा बिंदूएवढा प्रकाशस्रोत असल्याने पाण्यात उन्हासारखी लखलख दिसते, मात्र फांद्यांच्या खालच्या बाजू अंधारात राहून मरतात. अरुंद कोनाची भिंगे लावली तर एका ठिकाणी प्रखर झोत आणि शेजारी अंधार अशी विषमता वाढते. त्यामुळे भिंगाचा कोन आणि दिव्याची उंची टाकीच्या खोलीनुसार ठरवणे, एका मोठ्या दिव्याऐवजी लहान दिवे पसरून लावणे, किंवा एलईडींच्या दोन्ही बाजूंना टी-५ नळ्या ठेवणे, हे मार्ग रूढ झाले.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक होता. प्रवाळांचे झगमगते हिरवे, केशरी, गुलाबी रंग बहुतांशी प्रतिदीप्त प्रथिनांमुळे येतात. ही प्रथिने निळा प्रकाश शोषून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. प्रवाळवर्गातील अशा प्रथिनांचा शोध रशियन संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यासाठीचे नमुने मॉस्कोतील एका हौशी मत्स्यपालकाच्या टाकीतून मिळाले होते; प्रयोगशाळांत आज पेशी रंगवण्यासाठी वापरले जाणारे तांबडे प्रथिन त्याच शोधातून आले. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की यांपैकी कित्येक रंगद्रव्यांची निर्मिती निळ्या प्रकाशाच्या प्रमाणावर अवलंबून असते. निळ्या एलईडीखाली प्रवाळ रंगीत दिसतात याची कारणे त्यामुळे दोन आहेत: उजेडाच्या निवडीमुळे प्रतिदीप्ती उठून दिसते, आणि दीर्घकाळात प्राणी स्वतःही जास्त रंगद्रव्य बनवतो. यातील पहिले कारण पाहणाऱ्याच्या डोळ्याशी आणि दुसरे प्रवाळाच्या शरीराशी निगडित आहे, हा भेद जाणणारा मत्स्यपालक तीव्रता आधी ठरवतो आणि रंगछटा नंतर जुळवतो. विक्रीसाठी गडद निळ्या उजेडात काढलेली छायाचित्रे पाहून दिवा लावणारा नेमके उलट करतो.

तिसरे अंग वेळेचे, आणि एलईडीचे सर्वांत मोठे योगदान कदाचित तेथेच आहे. ग्रेट बॅरियर रीफवरील अनेक जातींचे प्रवाळ वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत एकाच वेळी अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात, हे १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या लक्षात आले. पाण्याचे बदलते तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राचा उजेड यांच्या संकेतांवर हा सोहळा चालतो. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील जेमी क्रॅग्ज यांनी आपल्या सहकाऱ्यांसह बंद टाकीत समुद्रातील ऋतुचक्र, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि चंद्राच्या कला संगणकाच्या साहाय्याने उभ्या केल्या, आणि एक्रोपोराचे प्रजनन नियोजित काळात घडवून आणल्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीने २०१९ मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये, संकटात सापडलेल्या खांबी प्रवाळाने टाकीत प्रथमच अंडी सोडली. ज्या प्रवाळांचे समुद्रातील शेवटचे वंशज रोगाने मरत आहेत, त्यांची नवी पिढी टाकीत जन्माला घालणे त्यामुळे शक्य झाले, आणि हौशी माणसांनी घरातल्या टाक्यांवर केलेल्या प्रयोगांची परंपरा संवर्धनशास्त्राला येऊन मिळाली.

भारतात या विद्येची वाट वेगळी आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांना समुद्री जीवांची पहिली ओळख करून दिली. २००१ मध्ये भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि इतर काही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आल्या, म्हणजे वाघाइतकेच कडक संरक्षण त्यांना मिळाले, आणि ते समुद्रातून काढणे गुन्हा ठरले. हे बंधन योग्यच आहे, कारण महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागून असलेले प्रवाळ थोडे आणि नाजूक आहेत. मालवणजवळ, १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात ते उथळ पाण्यात वाढतात, जेथे पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि उधाणलेला समुद्र उजेड अडवतात. तर किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया उथळ्यावर ते वीस मीटरहून अधिक खोलीवर, निळ्या उजेडात राहतात. एकाच राज्याच्या समुद्रातील या दोन ठिकाणच्या प्रवाळांना मिळणाऱ्या उजेडात तीव्रतेचा, रंगाचा आणि ऋतूंचा एवढा मोठा फरक आहे की एका ठिकाणासाठी बसवलेला दिवा दुसरीकडच्या प्रवाळांना मानवेल असे गृहीत धरता येणार नाही.

पावणेदोनशे वर्षांचा हा प्रवास पाहता प्रत्येक टप्प्यावर दिवा आधी आला आणि त्याची समज मागाहून आली असे दिसते: अ‍ॅक्टिनिक नळी नकलायंत्रातून आली आणि तिच्या वर्णपटाचा अर्थ नंतर लागला, मेटल हॅलाइड क्रीडांगणावरून आला आणि त्याचे आकडे नंतर मोजले गेले, एलईडी घरे उजळण्यासाठी आला आणि त्याने प्रवाळ कसे भाजतात हे नंतर उमगले. आता प्रथमच दिव्याची क्षमता पुरेशी आहे, आणि तो कोणत्या उजेडाचे अनुकरण करणार याची माहिती हीच उणीव उरली आहे. ती माहिती उत्पादकाच्या पुस्तिकेत मिळत नाही. ज्या समुद्रातील प्रवाळ वाचवायचे आहेत, त्याच समुद्रात, त्याच खोलीवर, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात उजेड मोजत राहूनच ती गोळा करावी लागते. उद्या कोकणच्या प्रवाळांची पुढची पिढी कायद्याच्या चौकटीत, अधिकृत संशोधन संस्थेच्या टाकीत वाढवण्याची वेळ आली, तर त्या टाकीवरच्या दिव्याला द्यावयाचे आकडे मालवणच्या आणि आंग्रियाच्या पाण्यातून आणावे लागतील, आणि ते काम विरंजनाची पुढची लाट येण्याआधी झाले पाहिजे.